रॉकेटचा ब्रेक

सरांचा उजवा पाय निवृत्त झालाच नाही. बाकीचे सर रीतसर झाले. भाषणं झाली, गाडीला टेकून सगळ्यांचा फोटो झाला, आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी आठवण म्हणून शिकवणीच्या जुन्या गाडीतलं ब्रेकचं पेडल घासूनपुसून, लाकडी फळीवर बसवून त्यांच्या हातात ठेवलं. पेडल बघून सरांचे डोळे भरून आले आणि पाय आपसूक पुढे सरकला.

शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाशी. त्या दुसऱ्या ब्रेकच्या भरवशावर शहरातली निम्मी माणसं गाडी शिकली होती. समोर सरांना सगळे ‘सर’ म्हणत, पाठीमागे ‘ब्रेकसर’. सरांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. डॉक्टरला लोक हाताचा गुण आहे म्हणतात, तसा आपल्या पायाला गुण आहे अशी त्यांची समजूत होती.

त्या पायाचा त्रास व्हायचा तो घरच्यांना. कोणाच्याही गाडीत बसले, तरी वळण आलं की सर पाय रोवायचे. मागे बसवावं, तर पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीत गुडघा बसायचा. एकदा सिनेमागृहात पडद्यावरची मोटार कड्याकडे धावत सुटली, तेव्हा सरांनी पुढच्या खुर्चीला असा काही ब्रेक लावला की त्या खुर्चीतले गृहस्थ उभे राहून म्हणाले, “अहो, गाडी तिकडे आहे!”

“जित्याची खोड,” बाई एवढंच म्हणाल्या. बाई म्हणजे सरांची बायको.

बाईंची नोकरी कानाच्या यंत्रांच्या दुकानात झाली. बिघडलेलं यंत्र उघडायचं, भिंगातून बघत केसासारख्या तारा पुन्हा जोडायच्या, आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाच्या कानात बसवून हळूच विचारायचं, “येतंय का ऐकू?” त्यांचा हात इतका स्थिर होता की दुकानात त्यांच्या टेबलाजवळून जाताना लोकच आपला श्वास रोखून धरत. “सगळ्या शहराला ऐकू आणून दिलं,” त्या म्हणायच्या, “घरातल्या एका माणसाचं काम तेवढं राहिलं.”

निवृत्तीनंतर दोघं घरात आले खरे, पण एका घरात आले असं काही म्हणता येणार नाही. सर पुढच्या खोलीत टीव्हीसमोर, बाई मागच्या खोलीत पुस्तक घेऊन. मध्येच चहाच्या वेळी दोघं स्वयंपाकघरात भेटत आणि एकाच लॉजमध्ये उतरलेल्या दोन प्रवाशांसारखं हवापाण्याचं बोलत. भांडण नव्हतं. इतकी वर्षं दोघांच्या कामाच्या वेळा वेगळ्या होत्या, त्यामुळे दिवसाउजेडी एकमेकांशी काय बोलायचं याची सवयच राहिली नव्हती.

मग रॉकेट आलं.

ते आणलं जावयाने, नातीच्या वाढदिवसाला. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख, प्लास्टिकचं टोक, आत घडी करून ठेवायचं छोटं पॅराशूट, आणि बुडात बसवायचं काडतुसाएवढं इंजिन. जोडायचं, मोकळ्या मैदानात उभ्या गजावर चढवायचं, लांबून वायरीने पेटवायचं. आकाशात जातं, वर गेलं की टोक सुटतं, पॅराशूट उघडतं आणि डुलत खाली येतं. नातीने ते दोनदा उडवलं आणि तिसऱ्या रविवारी सांगितलं, “मला कंटाळा आला. आता तुम्ही खेळा.”

तेव्हापासून चार मोठी माणसं खेळत होती.

जेवणाच्या टेबलावर आता जेवण सोडून सगळं असायचं. मुलगी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात होती, ती त्याच कानसांनी रॉकेटचे पंख असे घासायची की बोट फिरवलं तर कड लागू नये. जावई दुकानांच्या पाट्या रंगवायचा, रंगाचं काम त्याचं. वायरी, बॅटरी, बटण आणि इंजिन पेटवणारी बारीक तार, हे सगळं बाईंकडे. आणि सर? सर सुरक्षा बघायचे. म्हणजे नेमकं काय, हे कोणी विचारलं नव्हतं. ते डिंकाच्या बाटल्यांची झाकणं लावायचे, पॅराशूटच्या दोऱ्या मोजून सारख्या करायचे, आणि बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसून “जपून” म्हणायचे.

“अहो, तो चिमटा द्या.”

“हा?”

“बाकदार. तुमच्या कोपराखालचा.”

एवढंच बोलणं व्हायचं. पण दुपारभर व्हायचं, आणि एकाच खोलीत व्हायचं. टीव्हीवर धूळ बसली होती. एकदा बाईंनी भिंग सरांच्या हातात देऊन जोडलेली तार दाखवली, आणि सरांना चाळीस वर्षांनी कळलं की आपली बायको दिवसभर काय करत होती. त्यांनी बराच वेळ भिंगातून बघितलं. मग म्हणाले, “हे फार बारीक आहे गं.” त्या दिवशी चहात साखर जरा जास्त पडली होती.

पेडलाची गोष्ट मात्र सरांच्या डोक्यातली.

झालं असं, की मैदानावर एका रविवारी जावयाचं एक छोटं रॉकेट गजावरून तिरकं सुटलं, गवतावरून सरपटत गेलं आणि मालकाच्याच डोक्यावरची टोपी घेऊन पुढे निघालं. कोणाला काही लागलं नाही. जावई तर टोपीला पडलेलं भोक आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत होता. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सरांना झोप लागेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटावरून निरोपाची फळी काढली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली.

“याला वायर जोड.”

“कशाला?”

“ब्रेक.”

बाईंनी भिंग डोळ्यांवरून वर केलं. “रॉकेटला ब्रेक? अहो, सुटलेलं रॉकेट थांबवणार कसं?”

“सुटलेलं नाही. सुटायच्या आधी. काही चुकीचं दिसलं की मी पाय दाबणार, वीज तुटणार. मग बटण कितीही दाबा, काही होणार नाही.”

“त्यापेक्षा बटणच नाही दाबलं तर?”

“बटण शिकणाऱ्याच्या हातात असतं,” सर म्हणाले. “ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायात.”

“आणि इथे शिकणारं कोण आहे?”

उत्तराऐवजी सरांनी वायरीचं भेंडोळं पुढे सरकवलं, आणि ते शहाणपणाचं झालं. बाईंनी जोडून दिलं. पेडल मोकळं असलं की वीज रॉकेटपर्यंत जायची, दाबलं की तुटायची. काम अगदी बिनचूक झालं होतं. पुढची सगळी पंचाईत त्यानेच झाली.

त्यानंतरही लहान रॉकेटं उडाली. ब्रेक आहे म्हणून सर निवांत उभे राहायचे, पेडलाकडे बघायचेही नाहीत. मग घराने थोरलं रॉकेट बांधायला घेतलं. उभं केलं तर नातीच्या खांद्यापर्यंत येईल एवढं. मुलीने पंख घासले, जावयाने नळीवर लाल पट्टे ओढले आणि पाट्या रंगवण्याच्या सवयीने खाली बारीक अक्षरांत ‘येथे गाडी लावू नये’ असंही लिहून टाकलं. त्याचं इंजिन मोठं, म्हणून पेटवणारी तार वेगळी. ती बाईंनी स्वतः वळून केली. एखाद्या बहिऱ्या माणसाच्या पहिल्या यंत्रासाठी घेतली असती तेवढी काळजी त्यांनी त्या तारेसाठी घेतली.

थोरलं मैदानावर गेलं. मोजणी झाली, जावयाने बटण दाबलं. थोरलं जागचं हललं नाही.

सगळे धावले. बाईंनी तारेच्या जागी चाचणीचा दिवा लावून बघितला, तो लख्ख पेटला. तार बदलली. पुन्हा मोजणी, पुन्हा बटण, पुन्हा तेच. पुढच्या खेपेलाही तीच कथा. लहान रॉकेटं भुर्रकन जायची आणि थोरलं, लग्नात रुसलेल्या मामासारखं, सगळ्यांनी मनधरणी करूनही बसून राहायचं. वीज आहे, बॅटरी आहे, मग दोष कशात? राहिली ती वळलेली तार. म्हणजे बाई.

मैदानावर रॉकेटं उडवायला आणखीही घरं येत, तंबू ठोकून बसत. त्यांपैकी शेजारच्या तंबूतले एक काका विनोदी म्हणून प्रसिद्ध होते. ते म्हणाले, “वहिनी, कानाच्या मशिनीची वायर लावलीत वाटतं उलटी? रॉकेटला मोजणी ऐकूच येत नाहीये!” सगळे हसले. बाईही हसल्या. तोपर्यंत ठीक होतं. पण सरांना स्वतःचं जुनं वाक्य आठवलं.

हे वाक्य शहरात प्रसिद्ध होतं. शिकवणीत कोणाची गाडी चौकात बंद पडली, की सर चावी फिरवू द्यायचे नाहीत. मागे कितीही भोंगे वाजोत. ते शांतपणे म्हणायचे, “गाडी आपोआप बंद पडत नाही. कोणीतरी बंद पाडतं. कोणी पाडली ते आधी बोला, मग पुढे जाऊ.” शिकणाऱ्याने “मी बंद पाडली” असं म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. चूक कबूल केली की डोकं थंड होतं, असं त्यांचं शास्त्र होतं.

तर सर सगळ्यांसमोर बाईंना म्हणाले, “हे बघ, रॉकेट आपोआप बंद पडत नाही. कोणीतरी—”

पुढचं त्यांनी गिळलं, पण वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

बाईंनी चिमटा हत्यारांच्या पेटीत ठेवला, पेटीची कडी लावली आणि घरी जाईपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या आठवड्यात टेबलावर कोणी “बाकदार चिमटा” मागितला नाही. शनिवारी चहाच्या वेळी त्या स्वयंपाकघरात म्हणाल्या, “दुकानातून बोलावणं आलंय. नवीन मुलींना तारा जोडायला शिकवायच्या आहेत. रोज दुपारी यायला सांगतायत.”

“मग?”

“मग काय. उद्या थोरलं उडालं तर बघू. नाही उडालं, तर मी यातून हात काढून घेतला. तिथे निदान माझी वायर लागते तरी.”

“अगं, पण…”

“हवा बरी आहे आज,” बाई म्हणाल्या आणि कप विसळायला वळल्या.

थोरलं उडो न उडो, त्याचं सरांना तेवढं नव्हतं. पण दुपारचं ते रिकामं टेबल, समोर कोणी नाही आणि “जपून” म्हणायलाही कोणी नाही, हे चित्र त्यांना भिंगातून दिसावं तसं मोठं दिसलं.

रविवारी मैदानावर ऊन लख्ख होतं आणि वारा अगदी मंद. मैदानाची व्यवस्था एका बस चालवणाऱ्या बाईंकडे होती. हातात लाल झेंडा, गळ्यात शिट्टी, काखेत कर्णा. त्यांच्या परवानगीशिवाय मैदानावर काडीही पेटायची नाही. या बसवाल्या बाई सरांच्याच विद्यार्थिनी. एवढी मोठी बस त्या गल्लीतून लोण्यातून सुरी फिरवावी तशी काढत, आणि सर त्यांच्याकडे बोट दाखवून लोकांना सांगत, “ही माझी. पहिल्यापहिल्यांदा चढावर गाडी घातली की बंद! रडायची. आता बघा.”

“सर, आज उडवणार ना?” बसवाल्या बाईंनी विचारलं.

“उडणार म्हणजे काय,” सर म्हणाले. आवाज जरा बारीक निघाला.

थोरलं गजावर चढलं. वायर गवतातून ओढत लांबच्या टेबलापर्यंत आणली. टेबलावर बटणाची पेटी, टेबलाखाली पेडल, पेडलाशी सर. आज बटण बाईंनी स्वतःच्या हातात घेतलं होतं. मुलगी नखं खात होती. जावयाने भोकाची टोपी मुद्दाम घातली होती, शुभशकुन म्हणून. नात घडीच्या खुर्चीत पुस्तक वाचत होती, कारण मोजणीचं काम तिचं होतं आणि ती ते पानावरची नजर न काढता करायची.

“पाच,” नात म्हणाली. “चार. तीन.”

सरांनी थोरल्याकडे बघितलं. केवढं उंच दिसत होतं ते. सुटलं आणि तिरकं गेलं तर? पॅराशूट नाही उघडलं तर? बायकोची तार पेटली नाही तर?

“दोन. एक. सोडा.”

बाईंनी बटण दाबलं. दाबून धरलं. थोरलं ढिम्म.

मैदानावर अशी शांतता पसरली की नातीने उलटलेलं पान ऐकू आलं. शेजारच्या तंबूतल्या काकांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या बायकोने त्यात आधीच सँडविच कोंबलं. बाईंनी बटणावरचा अंगठा सावकाश उचलला. त्यांनी पायाशी ठेवलेली हत्यारांची पेटी उचलली आणि एकेक चिमटा आत ठेवायला सुरुवात केली.

“चावी काढा, कोणी पुढे जायचं नाही,” असं म्हणत बसवाल्या बाई टेबलाजवळ आल्या. रॉकेट पेटलं नाही की आधी बटणाच्या पेटीची चावी काढून घ्यायची असा मैदानाचा नियम. चावी घ्यायला त्या वाकल्या, आणि वाकल्या त्या तशाच राहिल्या. त्यांची नजर टेबलाखाली होती.

“सर,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “पाय.”

“काय?”

“तुमचा पाय, सर.”

सरांनी खाली बघितलं. त्यांचा उजवा बूट पेडलावर होता. नुसता टेकलेला नव्हता. टाच उचललेली, चवडा रोवलेला, पेडल पार तळाला गेलेलं. ऐन चौकात समोरून ट्रक यावा तसा ब्रेक लागला होता. हा पाय तिथे कधी गेला, हे सरांना शपथ घालून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

त्यांनी पाय असा झटकन काढला, जणू पेडल तापलं होतं. मग एक एक करून सगळं जुळत गेलं. लहान रॉकेटांना भीती वाटत नव्हती, म्हणून पाय गप्प राहायचा. थोरल्याची भीती वाटायची. आणि ते पेटलं नाही की सगळ्यांच्या आधी धावत जायचे ते सर. मग पेडल मोकळं, आणि बाईंचा दिवा लख्ख.

“दर वेळी?” त्यांनी स्वतःलाच विचारलं.

“मला वाटतं, दर वेळी,” बसवाल्या बाई म्हणाल्या. मग बुटाची नाडी बांधण्याचं निमित्त करत पुढे म्हणाल्या, “सर, रागावू नका. माझी गाडी चढावर बंद पडायची ना, तेव्हाही एकदा मी खाली बघितलं होतं.”

सरांच्या कपाळावर घाम आला. “तेव्हाही मीच?”

“चढ आला की तुम्ही दाबायचात.”

“मग बोलली का नाहीस?”

“सरांना कोण सांगणार? मी आपली ‘मी बंद पाडली, मी बंद पाडली’ म्हणत राहिले.”

“अशा किती जणांच्या गाड्या…?”

“ते तुमच्या पायाला विचारा,” बसवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. मग त्यांना सरांची दया आली. त्या कुजबुजल्या, “सर, कोणी बघितलेलं नाही. मी कर्ण्यावरून सांगते, वायर जरा ढिली होती, आता घट्ट केली. तुम्ही फक्त पाय बाजूला ठेवा. उडेल. सगळे खूश.”

सरांना तो रस्ता अगदी गुळगुळीत दिसला. ना चढ, ना वळण. रॉकेट उडेल, बाई राहतील, टेबल राहील. पण वायर ढिली होती म्हणजे पुन्हा बाईंचीच वायर. म्हणजे मागच्या सगळ्या खेपांचं खापर त्यांच्याच माथी. काकांचा विनोद त्यांच्याच पदरी, आणि सरांचं ते अर्धवट गिळलेलं वाक्यही. सरांनी बायकोकडे बघितलं. ती पेटीत भिंग ठेवत होती. भिंगाला मऊ फडकं गुंडाळत होती, लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखं.

“थांब,” सर म्हणाले. “ते भिंग ठेवू नकोस.”

“का?”

सरांनी घसा खाकरला. हजारो लोकांकडून म्हणवून घेतलेलं वाक्य स्वतः म्हणायची वेळ आली, तेव्हा ते किती अवघड आहे हे त्यांना कळलं.

“मी बंद पाडलं,” ते म्हणाले.

“काय?”

“रॉकेट. मी बंद पाडलं. माझा पाय ब्रेकवर होता.”

मुलीचं नख तोंडातच राहिलं. नातीने पहिल्यांदाच पुस्तकातून डोकं वर काढलं. बाईंनी भिंग हातात धरूनच विचारलं, “आत्ता?”

“आत्ता.”

“आणि मागच्या खेपेला?”

“तेव्हाही.”

“आणि त्याच्या आधी?”

सर काहीतरी पुटपुटले.

“ऐकू आलं नाही,” बाई म्हणाल्या. “आमच्या दुकानात येणारे सगळे असंच बोलायचे. जरा मोठ्याने.”

“तेव्हाही मीच!” सर ओरडले. नेमका त्याच क्षणी बसवाल्या बाईंनी कर्णा त्यांच्या तोंडासमोर धरला होता. ‘मीच, मीच’ असं करत तो आवाज मैदानाच्या पार पलीकडच्या झाडांपर्यंत जाऊन आला.

काकांना ठसका लागला. जावयाने टोपी काढून छातीशी धरली आणि गंभीरपणे म्हणाला, “बाबा, रॉकेटला ब्रेक लावणारं आपलं पहिलंच घराणं.” मुलगी तर खाली बसून हसत होती. सर सगळ्यांच्या मध्ये उभे होते, लाल झेंड्यापेक्षा लाल होऊन. आणि बाई? बाई हसत नव्हत्या. त्या सरांकडे बघत होत्या, कानात पहिल्यांदा यंत्र बसवलेल्या माणसाकडे बघावं तसं. येतंय का ऐकू, असं.

सर वाकले, त्यांनी फळी उचलली आणि बाईंपुढे धरली. “याची वायर तोडून टाक. मी हे कपाटावर ठेवून देतो.”

बाईंनी पेडल उलटं करून बघितलं. जोड तपासला, वायर ओढून बघितली. “का म्हणून तोडू?” त्या म्हणाल्या. “काम झकास झालंय. इतक्या वेळा दाबलंत, एकदाही चुकलं नाही. माझी वायर आहे ती.”

“अगं, पण पाय माझा आहे.”

“तेच म्हणते मी. ब्रेक चांगला आहे, पाय बदलू या.” त्यांनी फळी आपल्या बाजूला गवतात ठेवली, चप्पल काढून शेजारी लावली आणि बटणाची पेटी सरांच्या हातात दिली. “घ्या. आज तुम्ही शिकणारे.”

बसवाल्या बाईंनी चावी परत लावली आणि शिट्टी फुंकली. नातीने पुस्तक मिटून ठेवलं, खूण न घालताच. यावरून प्रसंग किती मोठा होता ते समजावं.

“पाच! चार! तीन! दोन! एक! सोडा!”

सरांनी डोळे मिटून बटण दाबलं.

काही झालं नाही.

सरांनी एक डोळा उघडला. थोरलं तिथेच होतं. सगळे थोरल्याकडे बघत होते. मुलीचा चेहरा उतरला. सरांनी स्वतःचे दोन्ही पाय तपासले. दोन्ही गवतात होते, निरपराध. मग त्यांची नजर सावकाश शेजारी गेली. बाई आभाळाकडे बघत होत्या, एखादा पक्षी शोधत असल्यासारख्या. आणि त्यांचं पाऊल पेडलावर होतं. पार तळाला.

“आजी!” नात किंचाळली.

“तपासत होते,” बाई म्हणाल्या. “चालतो ब्रेक.” आणि मग मात्र त्यांना जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. भिंग हातातून पडलं, डोळ्यांतून पाणी आलं. सरांनी आपल्या बायकोला इतकं हसताना कधी बघितलं होतं, ते त्यांना आठवेना. तेही हसायला लागले. आधी जरा बिचकत, मग पोट धरून. काकांच्या तंबूतूनही हसू ऐकू आलं, आणि या खेपेला त्यात विनोद त्यांचा नव्हता.

“पुन्हा मोजायचं का?” नातीने विचारलं. “की आणखी कोणाला ब्रेक लावायचाय?”

पुन्हा मोजलं. बाईंनी पाय उचलून सगळ्यांना दाखवला. सरांनी बटण दाबलं, आणि थोरलं गेलं.

फुस्स असा मोठा आवाज आला आणि पांढऱ्या धुराची एक सरळ रेघ वर ओढली गेली, जावयाने पट्टी धरून ओढावी तशी. लाल पट्टे क्षणभर चमकले आणि मग दिसेनासे झाले. सरांची मान मागे गेली आणि उजवा पाय जमिनीत रुतला. पण खाली नुसती माती होती, ती कोणाचं काय ऐकणार? उंचावर टोक सुटलं, पॅराशूट उमललं, आणि थोरलं आपल्याच पट्ट्यांचं कौतुक करत असल्यासारखं डुलत डुलत खाली यायला लागलं. मुलगी, जावई आणि नात त्याच्यामागे धावत सुटले. नात सगळ्यांच्या पुढे होती, कंटाळा विसरून.

टेबलाजवळ दोघंच राहिले. सरांच्या बुटाखाली गवतात एक छोटा खड्डा पडला होता. बाईंनी तो बघितला आणि पायानेच माती सारून बुजवून टाकला.

“दुकानाला कळवायला हवं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“दुपारी जमणार नाही म्हणून. त्या मुलींना सकाळी पाठवा म्हणावं घरी. तो चिमटा द्या बरं.”

“बाकदार?”

“तुमच्या कोपराखालचा.”

परतताना गाडी मुलगी चालवत होती आणि शेजारी जावई बसला होता, मांडीवर थोरलं आडवं घेऊन. त्याच्या मागे सर, मुलीच्या मागे बाई, आणि मध्ये नात, जीव मुठीत धरून. गाडी मैदानाच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागली, पुढे वळण आलं, आणि पुढच्या दोन्ही सीटांना मागून एकदमच धक्का बसला.

“आई, तूसुद्धा?” मुलगी म्हणाली.

“पुढे बघ,” मागून दोघं एका आवाजात म्हणाले.